तीन पाळ्यांची कॉट

बजाजनगर,
२२ नोव्हेंबर १९९३

चि. द्वारका हिला,

वरच्या ओळीत काय लिहावं यात माझी अर्धी सुट्टी गेली. दिवाळीच्या आधी असतो तर 'द्वारके, काय चाललंय' असं लिहून मोकळा झालो असतो. पण पाडव्याला आपला साखरपुडा झाला आणि मामाची पोरगी एकदम परक्या घरची झाल्यासारखी वाटायला लागली. पुंजाराम म्हणाला, "प्रिय लिही." सांडू म्हणाला, "पत्र मामाच्या हाती लागलं तर प्रिय लिवणारा हात मामा जाग्यावर ठिवंल का?" म्हणून चिरंजीवच ठेवलं.

माझी खोली आणि तुझं होस्टेल यांत एका सिटी बसचं अंतर. पण लग्न ठरलेल्या पोरापोरीनं एकमेकांचं तोंड बघायचं नाही, अशी माझ्या आईची म्हणजे तुझ्या पुतळा आत्याची आज्ञा आहे. पत्राला तिची हरकत नाही. तिच्या मते पत्रातून काही इकडचं तिकडं जात नाही.

तिची दुसरी अटही तुला ठाऊक आहे. संक्रांत झाली की ती बिडकीनहून येणार, एक रात्र माझ्या खोलीत झोपणार आणि मग निकाल देणार. खोली माणसानं राहण्याजोगी निघाली तर लग्नानंतर तू इथं राहायचं आणि एम.एस्सी. करायची. नाही निघाली तर तू बिडकीनला तिच्यापाशी मेंढरांमागं, मी सुट्टीला येऊन-जाऊन. सांडू आणि पुंजाराम लग्नाआधी दुसरी खोली बघणार आहेत, ती काळजी नको.

आता एक अभ्यासातला प्रश्न. तू प्राणिशास्त्राची म्हणून विचारतो. माझ्या एका मित्राच्या खोलीत ढेकूण झालेत. तू ओळखत नाहीस त्याला. तिथं तिघं राहतात, तिघांच्या पाळ्या वेगळ्या आणि लोखंडी कॉट एकच. रात्रपाळीवाला सकाळी येऊन झोपतो, तो उठला की पहिल्या पाळीचा आडवा होतो, दुसऱ्या पाळीचा येऊन त्याला खाली ढकलतो. कॉट कधी थंड म्हणून होत नाही. ढेकणांना चोवीस तास गरम जेवण. उन्हाळ्यापासून ते लोक औषध मारतात. औषध महाग, म्हणून दुप्पट रॉकेल घालून पुरवून वापरतात. आधी पुष्कळ मेले, मग थोडे मेले, आता फवारा मारला की नुसते जागा बदलून बसतात. पुंजाराम म्हणतो, दारुड्याला दारूची लागते तशी त्यांना औषधाची सवय लागली. हे खरं का?

मित्राला घाई आहे.

तुझा,
सूर्यभान


औरंगाबाद, मुलींचं होस्टेल,
२८ नोव्हेंबर १९९३

सूर्यभानराव यांस,

हसू नका. सूर्या म्हणायचं बंद, आता अहो-जाहो करायचं, असं आईनं साखरपुड्याच्या दिवशीच बजावलंय. लिहिताना निदान तोंड वाकडं करता येतं.

तुमच्या मित्राचं वाचून वाईट वाटलं. त्याच्या खोलीत पुंजाराम राहतो हे वाचून जास्तच वाटलं, कारण साखरपुड्याला हाच पुंजाराम 'मी सूर्याच्या खोलीतला' असं ज्याला त्याला सांगत मांडवाच्या खांबाला पाठ घासत होता. असो. मित्र तर मित्र.

पुंजारामला सांगा, कुठल्याही ढेकणाला कसलीही सवय लागलेली नाही. आमचे आप्पा, म्हणजे तुमचे मामा, कळपात काय करतात ते आठवा. दर साली इतकी नर कोकरं होतात, पण एकासारखं दुसरं नसतं. कुणाचे पाय आखूड, कुणाची लोकर विरळ. आप्पा त्यातलं एखादं लांब पायाचं, दाट लोकरीचं राखतात आणि बाकीची बाजार दाखवतात. राखलेल्याची कोकरं बापावर जातात. त्यांतून पुन्हा निवड. आजोबांच्या वेळची मेंढरं बुटकी होती म्हणतात, आताची बघा. कुठल्या मेंढ्यानं मनावर घेऊन पाय लांब केले नाहीत. बुटक्यांची पोरंच झाली नाहीत, एवढंच.

तुमच्या मित्राच्या कॉटवर आप्पांचं काम औषध करतंय. तेवढ्या ढेकणांत चार-दोन असे असणारच की ज्यांना ते उपजतच पचतं. आधीच्या भाडेकरूनंही औषध मारलं असेल, त्यातूनही तेच उरले असतील. साधे मेले, यांनी अंडी घातली, पोरं आईबापावर गेली. त्यात औषध पातळ करून मारलं, म्हणजे ज्यांना थोडंफार पचत होतं तेही वाचले. एकही ढेकूण बदलला नाही, पण पिढ्यांमागून पिढ्या ढेकणांची वस्तीच बदलली. रानात हे आपोआप होतं, त्याला नैसर्गिक निवड म्हणतात, आणि हळूहळू साचत गेलं की उत्क्रांती. तुमच्या मित्रांनी ते कॉटवर करून दाखवलं. थोडक्यात, ते तिघं ढेकणांचे धनगर झालेत आणि कळप छान चाललाय.

पुस्तकात एका वाक्यात दिलंय, जो लायक तो टिकतो. मित्राला पाठ करायला सांगा.

आत्याला यातलं काही कळवू नका. मित्राबद्दल म्हणते मी.

द्वारका


बजाजनगर,
५ डिसेंबर १९९३

चि. द्वारका,

तुझं पत्र मी मित्राला वाचून दाखवलं. 'जो लायक तो टिकतो' हे फार पटलं. आपल्याकडं हेच 'बळी तो कान पिळी' म्हणून आधीपासून आहे, पुस्तकवाल्यांनी उगीच लांबवलं.

मग उपाय सोपा झाला. बळी कोण ते बघायचं आणि त्याचाच कान पिळायचा. आज रविवारी तिघांनी गादी उलटी केली आणि धष्टपुष्ट तेवढे वेचून काढले. सांडूनं त्यांना पैलवान असं नाव दिलं. टाचणी घेऊन एकेक पैलवान चीतपट केला. सांडू प्रत्येकाला आधी रामराम घालत होता. एक तर असला होता की पुंजाराम म्हणाला, "ह्यो आपला घरमालकच दिसतोय, सांभाळून." लुकडे होते ते सोडून दिले. त्यांच्यावर टाचणी कोण झिजवणार? आता लुकड्यांची पोरं लुकडीच होणार, त्यांची त्याहून लुकडी. मामांचंच शास्त्र उलटं चालवलं. चार पिढ्यांत नुसत्या अशक्तपणानं वस्ती बसते की नाही बघ.

हे पत्र मित्राच्या कॉटवर बसूनच लिहितोय, हात जरा घाईचा आहे.

सूर्यभान


औरंगाबाद,
१० डिसेंबर १९९३

सूर्यभानराव,

तुमच्या पत्राच्या घडीतून एक ढेकूण निघाला. जिवंत. मी पत्र गादीवर पसरून वाचत होते आणि तो 'पैलवान' या शब्दावरून शांतपणे चालत गेला. माझ्या खोलीतली गौतमी किंचाळून खुर्चीवर उभी राहिली. मी त्याला चिमट्यानं उचलून खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातला आणि वर बूच लावलं. मित्रानं नमुना पाठवला असावा. त्याला माझे आभार सांगा. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली सवडीनं बघेन.

नमुना लुकडा आहे, आणि तिथंच तुमचा घोटाळा दिसतो. लायक म्हणजे पैलवान असं कुणी सांगितलं? लायक म्हणजे त्या जागेला, त्या वेळेला जो चपखल बसतो तो. उद्या तीच जागा बदलली की तोच नालायक. लोखंडी कॉटच्या सांध्यात जाड्याला शिरता येत नाही, तो बाहेर राहतो, टाचणीला सापडतो. लुकडा थेट पाइपात. तुम्ही जाडे काढून टाकले म्हणजे फटीत मावणारे तेवढे राखले. ते अशक्त नाहीत हो, सडपातळ आहेत. रक्त प्यायला पैलवान असावं लागत नाही, नाहीतर आपल्या तलाठ्याचं कसं भागलं असतं?

तुम्ही ताकाला जाऊन भांडं लपवताय, ते लपवा. पण डिसेंबर अर्धा होत आला आणि आत्या संक्रांतीचे तीळ निवडायला बसली आहे, एवढं मित्राच्या कानावर घाला.

द्वारका


बजाजनगर,
२० डिसेंबर १९९३

चि. द्वारका,

जिंकलो! म्हणजे मित्र जिंकला.

तुझं पत्र वाचून सांडूच्या डोक्यात आलं, फटीत टाचणी जात नाही पण चोच जाईल. त्यानं घरमालकिणीची कोंबडी मागून आणली. कॉट उन्हात गच्चीवर नेली, कोंबडी वर सोडली. काय सांगू तुला! तिनं दिवसभर ते असे टिपले की आमच्या कंपनीचा इन्स्पेक्टरही इतकं बारीक बघत नाही. मग तिला आठवडाभर खोलीतच ठेवली. हाल झाले थोडे. तिनं पुंजारामच्या हेल्मेटात अंडं घातलं आणि ते त्याला डोक्यावर चढवल्यावर कळलं. रात्री ती सांडूच्या छातीवर बसायची. त्याच्या स्वप्नात रोज त्याचा सासरा यायला लागला.

पण आठ दिवसांत ढेकूण दिसेनासा झाला. दिवसाढवळ्या गादी उलटी केली, दिवा लावून बघितलं, एकही नाही. कोंबडी पेढे देऊन परत केली. पेढे मालकिणीला. पाठ अजून खाजते, पण ती जुनी सवय असणार, असं पुंजारामचं म्हणणं.

आईचं नक्की झालं. पंधरा जानेवारीला येते म्हणते. खुशाल येऊ दे.

सूर्यभान


औरंगाबाद,
२६ डिसेंबर १९९३

सूर्यभानराव,

पुंजारामला पुन्हा एकदा सांगा की सवय नावाचा प्राणी आमच्या पुस्तकात नाही. पाठ खाजते कारण ढेकूण चावतात.

दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं नव्हे. कोंबडीनं कुणाला खाल्लं? जे उजेडात हिंडत होते त्या धिटांना. उजेड दिसला की आत दडून बसायचा ज्यांचा स्वभाव होता ते लाजरे वाचले. आता त्यांचीच बाळंतपणं चालू असतील. हिशेब बघा. औषध मारून तुम्ही औषध पचवणारे राखलेत, टाचणी घेऊन सडपातळ राखलेत आणि कोंबडी आणून लाजरे राखलेत. औषध पचवणारं, सडपातळ आणि लाजरं! असं वाण आप्पांना जन्मात जमलं नसतं. एवढे गुण असल्यावर चहापोह्यांचा कार्यक्रम ठेवायला हरकत नाही.

सूर्या, आता माझं नीट ऐक. आईनं काहीही बजावलं असलं तरी या पानावर मी तुला 'तू'च म्हणणार आहे. खोली तुझी आहे हे मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. मी हसत होते कारण मला वाटलं, तू करशील काहीतरी. पण आता मला भीती वाटायला लागलीय. आत्या अंधारात झोपणार, आणि हे लाजरे अंधारातच जेवतात. सकाळी तिच्या अंगावर एक गांध दिसली की माझी एम.एस्सी. संपली. मला मेंढरांची लाज नाही, मी त्यांच्यातच वाढले. पण आपल्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली बाई आहे, आणि मला अजून शिकायचंय. फार शिकायचंय. ते एका कॉटपायी राहिलं तर मी तुला कधी बोलून दाखवणार नाही, पण विसरणारही नाही.

औषध कुणाला ना कुणाला पचतं. उकळतं पाणी कुठल्याच ढेकणाच्या खानदानात पचलेलं नाही. एकही उरला नाही तर निवडायला मागं राहणार कोण? भिंतीच्या फटीत उकळतं पाणी ओत. गादी जाळ. कॉटच्या पाइपात पाणी पोचत नसेल तर कॉट भाज, तळ, काय वाट्टेल ते कर.

द्वारका


बजाजनगर,
२ जानेवारी १९९४

द्वारके,

मित्र वगैरे कुणी नाही. मीच तो. तुला कळलंय ते कळलं.

लाज वाटली म्हणून लपवलं. तुझ्या डोळ्यांसमोर नोकरीवाला, खोलीवाला नवरा असावा असं वाटायचं, अंग खाजवणारा नको. तुझं शिक्षण माझ्या कॉटवर अडलंय हे वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही.

'भाज' असं तू लिहिलंस आणि डोक्यात उजेड पडला. आमच्या पेंट शॉपमध्ये मोठा ओव्हन आहे. स्कूटरचे मडगार्ड रंग देऊन कन्व्हेयरवर टांगतात आणि ते त्या ओव्हनमधून भाजून निघतात. पलीकडून आलेल्या मडगार्डाला हात लावला तर कातडी चिकटते. रविवारी ओव्हन नुसता चालवून बघतात, माणसं कमी असतात. पुंजारामची ओळख गेटवर आहे. कॉटचे सांधे खोलून, पोत्यात घालून आत न्यायची, टांगायची, एक फेरा, की खेळ खलास.

पकडलो तर नोकरी जाईल. नोकरी गेली तर खोली जाईल. म्हणजे आईला निकाल द्यायचं कामच उरणार नाही. तरी करतो.

सूर्यभान


औरंगाबाद,
१९ जानेवारी १९९४

सूर्यभानराव,

तुमचं पत्र आलं आणि पाठोपाठ सगळंच थांबलं. होस्टेल रिकामं करायला लावलं, परीक्षा पुढं गेली, बंदमुळं एसटी उभ्या राहिल्या. मी आप्पांकडं होते. तिथंही लोक पारावर जमून दबक्या आवाजात बोलत होते. आज परत आले.

चौदा तारखेला, ऐन संक्रांतीला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. गौतमी गावाहून पेढे घेऊन आली. ती लहान असताना या नावासाठी तिचे वडील तुरुंगात गेले होते, हे तिनं मला तीन वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. मग तिनं कोऱ्या कागदावर विद्यापीठाचं पूर्ण नाव वळणदार अक्षरात लिहिलं आणि त्यावर हात फिरवत बसली. ती रडली, मीही रडले. आता तिच्या डिग्रीवर ते नाव येणार, आणि माझ्याही. एम.एस्सी. मला त्याच विद्यापीठात करायची आहे. आम्ही दोघींनी तसं ठरवलंय.

बंदमुळं आत्याची फेरी पुढं गेली हे तुमचं नशीब. आता ती २३ तारखेला येणार. ओव्हनचं काय झालं? नोकरी आहे ना? एका ओळीचं तरी पत्र टाका, माझा जीव टांगणीला लागलाय.

आणखी एक. होस्टेल सोडताना ती नमुन्याची बाटली घाईत खिडकीत राहिली होती. आज बघते तर आडवी पडलेली, बूच बाजूला. आत कुणी नाही. थंडीनं मेला असेल.

द्वारका


बजाजनगर,
२१ जानेवारी १९९४

द्वारके,

नोकरी आहे. कॉट आहे. ढेकूण नाहीत. आता सविस्तर ऐक.

रविवारी पोत्यातून कॉट आत नेली आणि कन्व्हेयरला टांगली. पण पुंजारामनं घाईत टांगली ती रंगाच्या खोलीच्या अलीकडं. कन्व्हेयर सुरू झाला आणि आमच्या डोळ्यांदेखत कॉट डुलत डुलत रंगाच्या खोलीत शिरली. नेमकी त्या दिवशी रंगाचीही चाचणी होती. पलीकडून ती निघाली लाल भडक, आणि तशीच ओव्हनमध्ये गेली. आम्ही तिघं ओव्हनच्या तोंडाशी हात जोडून उभे होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय रं, कुणाचा अंत्यविधी चाललाय?"

फोरमन काकासाहेब. मी सगळं खरं सांगितलं. आईचा मुक्काम, तुझी एम.एस्सी., कोंबडी, सगळं. ते मिशी चावत ऐकत राहिले. कॉट बाहेर आली. त्यांनी पाइप आपटला तर आतून मूठभर काळा भुगा पडला. तो त्यांनी बुटानं पसरून बघितला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "माझ्या घरी एक डबल कॉट हाय. मावंल का ह्यात?"

मावली. परवा त्यांचीही लाल होऊन गेली. ते म्हणाले, पुन्हा असलं केलंत तर गेटबाहेर काढीन, आणि त्यांच्या मेव्हण्याकडं एक पलंग आहे तो एवढा झाला की मग काढीन.

गादी जाळली. भिंतीच्या फटींत तू सांगितल्याप्रमाणं उकळतं पाणी ओतलं. नवी सतरंजी आणली. पुंजारामनं मात्र उरलेली औषधाची बाटली खोलीभर मारून संपवली. रॉकेल न घालता, भिंतीला, जमिनीला, कॉटच्या पायांना. मी म्हटलं, "ढेकूणच नाहीत तर औषध कुणाला?" तर म्हणाला, "माझी सवय हाय." तुझ्या पुस्तकात नसलेला तो प्राणी आमच्या खोलीत आहे.

परवा आई येते.

सूर्यभान


मु. बिडकीन,
२७ जानेवारी १९९४

चि. सौ. कां. द्वारकाला पुतळा आत्याचा आशीर्वाद.

पत्र शाळेच्या गुरुजींकडून लिवून घेती हाये. मी बोलन तसं लिवा म्हणलंय, लई शुद्ध करू नका.

पोरी, मी सूर्याच्या खोलीवर जाऊन आली. खोली बारकी हाय, पर पोरानं नवी कोरी लाल कॉट घेतली. अशी झळकती की म्या तिच्यात कुकू बघून लावलं. एवढा पैसा कशाला घातला म्हणलं, तर ते तिघं एकमेकाकडं बघत राह्यले. लाजले आसतील.

सूर्यानं सतरंजी दिली. पर मला दुसऱ्याच्या हातरुणावर झोप लागत नाय हे तुला ठावं हाय. म्या माझी घोंगडी संगं नेली व्हती, कॉटखाली ठिवल्याली, तीच रातच्याला हातरली आन् आंगावर घेतली. झोप झ्याक लागली. कायबी चावलं नाय. घरी रोज दोन-चारदा उठून बसती, तिथं गाढ झोपली.

सकाळी झाडू मारायला घेतला तर कॉटखाली ढेकूण! धा-बारा तरी. समदे उताणे, पाय वर करून मेल्याले. सूर्याचं तोंड आसं पांढरं फट झालं की मला वाटलं त्याला भोवळ येती. म्हणला, "आई, देवाशपथ, हे आमचे नाहीत." म्या वाकून बघितलं. घोंगडी झटकली तर घडीतून आणखी तीन पडले. तडफडले आन् मेले. पोराचं खरं व्हतं. ते आपलेच, बिडकीनचे. माझ्यासंगं बसमधी गेल्याले.

तवा म्या जाणलं. ही खोली साधी नाय. जितं ढेकूण पाय ठिवताच मरतोय ती जागा लई सोवळी. आन् माझ्या घरात ते लेकरंबाळं घिऊन नांदत्यात, आन् मी पोराच्या खोलीची झडती घ्यायला निघाली व्हती! लई वशाळल्यावानी झालं बघ. गुरुजी, हे लिवलंच हाय तर राहू द्या.

म्हणून माझा निकाल आसा. लगीन झालं की तू सूर्यापाशी ऱ्हायचं, त्या खोलीत. शिकायचं तेवढं शिक. बिडकीनच्या घरात मी तुला सध्या आणत नाय. आधी घर उकळून काढती, मग सून आणती. ह्यातलं तुझ्या आईला सांगू नगं. ती गावभर करंल.

आत्या


औरंगाबाद,
५ फेब्रुवारी १९९४

अहो,

आत्याचं पत्र मी गौतमीला मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्याच्या 'शिकायचं तेवढं शिक' या वाक्यापाशी मी पत्र गौतमीच्या हातात दिलं, पुढचं तिनं वाचलं. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतून भिंत वाजवली.

सोवळ्या खोलीचं गुपित तुम्हाला कळलं का? पुंजारामनं ज्या औषधाची बाटली संपवली ते तुमच्या कॉटवाल्यांनी कधीच पचवलं होतं. पण बिडकीनच्या ढेकणांच्या सात पिढ्यांत कुणी औषधाचा वास घेतलेला नव्हता. आत्यानं त्यांना काय केलं असेल तर फार तर शिव्या दिल्या असतील. ते आपल्या घरी लायकच होते, चांगले खाऊन पिऊन होते. घोंगडीतून उतरून औषध मारलेल्या जमिनीवर पहिलं पाऊल टाकलं आणि संपले. जागा बदलली, लायकी बदलली. मला त्यांचं थोडं वाईटही वाटलं. मीही घोंगडी घेऊनच या शहरात उतरले होते, आणि पहिल्या वर्षी कितीदा वाटलं होतं की आपण काही इथं टिकत नाही. पण मी ढेकूण नाही हे बरं. माणसाला पिढ्या जाईपर्यंत थांबावं लागत नाही, त्याला शिकता येतं.

पुंजारामला माझा नमस्कार सांगा. त्याची सवय मी पुस्तकात घालायला तयार आहे.

आता कामाचं. आप्पा लग्नाची तिथी वैशाखात काढू म्हणतात. तुम्ही त्यांना भेटून ती चैत्रातली काढायला लावा. कारण कुणाला सांगू नका, पण तुम्हाला सांगते. त्या बाटलीतला नमुना थंडीनं मेलेला नाही. तो 'तो' नव्हताच, ती होती, आणि इथं येण्याआधीच तिचं लग्न झालेलं असावं. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या मुली आठ दिवस झाले खाजवताहेत. ते सडपातळ आहेत, दिवा लावला की लाजतात. काल रेक्टरबाईंनी सगळ्या खोल्यांतून औषध मारून घेतलं आणि आज त्या विचारत होत्या की हे मरत कसे नाहीत.

कुणाच्या घरचे आहेत हे मी अजून बोललेले नाही. काकासाहेबांच्या मेव्हण्याचा पलंग झाला की ओव्हनमध्ये माझ्या कॉटचा नंबर लावा. रंग लालच चालेल.

तुमची,
द्वारका